पुरुषांत विश्वासराव : पुणे ते पानिपत

९ जानेवारी, पुणे

माझ्या आजोळी कुणाच्या रूपाचं कौतुक करायचं झालं की जुनी माणसं म्हणायची, "बायकांत मस्तानी, पुरुषांत विश्वासराव." मस्तानीबद्दल पुढे पुष्कळ वाचायला मिळालं. विश्वासराव मात्र शाळेच्या पुस्तकात एका ओळीपुरते आले आणि त्याच ओळीत पानिपतावर पडले. नानासाहेब पेशव्यांचे थोरले चिरंजीव, मृत्यूच्या वेळी वय १८. इतक्या लहान वयात गेलेल्या मुलाच्या रूपाची कीर्ती अडीचशेहून जास्त वर्षं टिकते, ती कशाच्या जोरावर? हे मला त्या त्या जागी जाऊन समजून घ्यायचं होतं. मावशी सोबत यायला तयार झाली. तिने सारी नोकरी शाळेत इतिहास शिकवण्यात घालवली, आणि पेशवाईतली माणसं तिच्या बोलण्यात शेजारच्या वाड्यातली असल्यासारखी येतात.

सकाळी पर्वती चढलो. देवदेवेश्वराचं मंदिर नानासाहेबांनी १७४९ मध्ये बांधून घेतलं आणि पानिपतानंतर पाच महिन्यांनी, २३ जून १७६१ रोजी, त्यांनी प्राण सोडला तोही इथेच. वरच्या संग्रहालयात पेशव्यांची चित्रं आहेत. एकेका तसबिरीपुढे मी बराच वेळ उभी राहिले. पगडी, भिकबाळी, कानात मोती, कपाळी गंध, एका बाजूने काढलेला चेहरा. मान्य करायला हवं की या चित्रांतून माणूस भेटत नाही, पद भेटतं. नाव झाकलं तर काका कोण आणि पुतण्या कोण हे सांगणं कठीण. त्या काळच्या आपल्याकडच्या चित्रकाराचं काम मानमरातब दाखवण्याचं होतं. नाकाची ठेवण किंवा हसताना गालावर काय होतं, हे त्याला कुणी विचारत नव्हतं.

पुण्यात समोर बसवून चेहरा रंगवण्याची रीत आली ती १७९० नंतर. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने इथे आला. त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचं एकत्र चित्र काढलं, ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. त्याच्या छापील प्रती बहुतेकांनी पाहिल्या असतील. सवाई माधवराव अंगभर मोत्यांनी मढलेले, पण चेहरा कोवळा, गोल, अजून पोरवयातून पूर्ण बाहेर न पडलेला. शेजारी नाना, उभट चेहऱ्याचे, सडपातळ, सगळं पाहून झालेल्या डोळ्यांचे. हे चित्र मला फार आवडतं, कारण पेशवाईत पहिल्यांदा दोन खरी माणसं आपल्याकडे बघतात. आणि एक गोष्ट मनाला लागते. नानांचा जन्म १७४२ सालचा आणि विश्वासरावांचाही १७४२ सालचाच. दोघे एकाच मोहिमेवर गेले. नाना वाचून परत आले, म्हणून त्यांचा चेहरा आपल्यापाशी आहे. विश्वासराव तीस वर्षं आणखी जगते तर वेल्ससमोर तेही बसले असते.

पर्वती उतरताना मावशीने तोतयाचा विषय काढला. सदाशिवरावभाऊ पानिपतावर गेले, पण त्यांच्या मृत्यूवर अनेकांचा विश्वासच बसला नाही. पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत कुंकू पुसलं नाही. सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण "मीच भाऊ" म्हणत उभा राहिला. त्याला पकडून कोकणात कैदेत ठेवलं, तर १७७६ मध्ये तिथल्याच अधिकाऱ्याच्या मदतीने त्याने बंड केलं, कोकणातले किल्ले भराभर त्याच्याकडे गेले. शेवटी पकडून पुण्यात त्याला देहान्ताची शिक्षा झाली.

"विचार कर," मावशी म्हणाली, "ज्या भाऊसाहेबांना सगळं पुणं रोज बघत होतं, त्यांचा चेहरा पंधरा वर्षांत इतका पुसट झाला की दुसरा माणूस त्यांच्या जागी उभा राहू शकला. मग रूप टिकतं कुठे, सांग?"

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही.

दुपारी राजा केळकर संग्रहालयात मस्तानी महाल पाहिला. बाजीरावांनी मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या वाड्यातला हा भाग डॉ. दिनकर केळकरांनी तिथून आणून इथे पुन्हा उभा केला. लाकडी खांब, महिरपी, हंड्या-झुंबरं. तिचं म्हणून दाखवलं जाणारं एकही चित्र निर्विवाद नाही, त्यामुळे मस्तानीच्या सर्वांत जवळ जायचं तर ते या लाकडाच्या आधाराने. आरशांपेक्षा मला ते खांब पाहावेसे वाटले. त्यांना तिचा हात लागला असणार.

संध्याकाळी शनिवारवाडा. १० जानेवारी १७३० ला पायाभरणी, दोन वर्षांनी वास्तुशांत, खर्च १६,११० रुपये. १८२८ च्या आगीनंतर आत जोती आणि कारंजी उरली. याच अंगणात विश्वासराव वाढले. त्यांचे धाकटे भाऊ नारायणराव याच वाड्यात १७७३ मध्ये मारले गेले, तेही अठराच वर्षांचे. त्यांच्या आई गोपिकाबाईंच्या तीन मुलांपैकी तिशी एकानेही पाहिली नाही. माधवराव गेले ते सत्ताविसाव्या वर्षी.

वाड्यासमोर बाजीरावांचा घोड्यावरचा पुतळा आहे. तिथे गर्दी असते, मुलं फोटो काढतात. आता बाजीराव म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सिनेमातला नट येतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण मला त्यांची जुनी आख्यायिका जास्त प्रिय आहे. बाजीरावांचा दरारा वाढला तेव्हा शत्रूच्या दरबारातून एका चित्रकाराला पाठवलं, म्हणतात. कुणी निजामाचं नाव घेतो, कुणी दिल्लीच्या बादशहाचं. "बाजीराव जसा पहिल्यांदा दिसेल तसाच काढ" ही आज्ञा. चित्रकाराने काय आणलं? घोड्यावर बसलेला स्वार, लगाम घोड्याच्या मानेवर सैल टाकलेला, भाला खांद्यावर, दोन्ही तळहातांत कणीस चोळून दाणे तोंडात टाकत चाललेला. गोष्ट घडलेली असो वा नसो, ती सांगणाऱ्यांना देखणेपण म्हणजे काय हे नेमकं कळलं होतं. नाक-डोळ्यांबद्दल एक अक्षर नाही, आणि तरी माणूस डोळ्यांपुढून हलत नाही.

१० जानेवारी, पाबळ

नगर रस्त्याने शिक्रापूर, तिथून आत वळून पाबळ. शिरूर तालुक्यातलं हे गाव मस्तानीला इनाम होतं आणि तिची कबर इथे आहे. पाबळला जैन तीर्थही आहे, त्यामुळे रस्ता विचारताना आधी लोक तिकडेच हात दाखवतात.

जागा साधी आहे. भिंतीचा चौक आणि मध्ये कबर. घुमट नाही, संगमरवर नाही. २८ एप्रिल १७४० ला बाजीराव नर्मदाकाठी गेले. त्या वेळी मस्तानी पुण्यात नानासाहेब आणि चिमाजीअप्पांच्या बंदोबस्तात होती, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तीही गेली. १७२९ मध्ये बुंदेलखंडात छत्रसालाच्या मदतीला बाजीराव धावून गेले होते, तिथून ती इकडे आली. म्हणजे पुण्याला तिची उणीपुरी अकरा वर्षं.

मस्तानीच्या सौंदर्याची एक गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते: पान खाल्लं की लाल रस गळ्यातून उतरताना दिसे. मला ही गोष्ट आवडत नाही. ती उत्तरेत पद्मिनीबद्दलही सांगतात, कुठल्याही रूपवतीला लावता येते, आणि तिच्यात कातडीच्या रंगापलीकडे काही नाही. आपल्याकडे देखणं म्हणजे गोरं हा समज किती खोल गेला आहे त्याचाच तो पुरावा. मस्तानी घोड्यावर बसत असे, गाणं-नाचणं उत्तम करत असे, शनिवारवाड्यात गणेशोत्सवात तिचं गाणं होई. घरच्यांनी, भटजींनी, शहराने इतका विरोध केला तरी बाजीराव हटले नाहीत. हे सगळं सोडून आपण गळ्यातला विडा लक्षात ठेवतो.

तिचा मुलगा समशेरबहादूर. बाजीरावांची इच्छा त्याची मुंज करण्याची होती, ती झाली नाही. पुढे तोही पानिपतावर लढला, जखमी होऊन जाटांच्या मुलखात पोचला आणि तिथे वारला, वय २७. म्हणजे पाबळची आई आणि पानिपत यांना जोडणारा धागा आहेच. आजोळच्या त्या बोलण्यातली दोन नावं एकाच घराची: मस्तानी नात्याने विश्वासरावांची आजी लागते. हे मावशीने कबरीपाशी सहज म्हटलं, आणि मी इतकी वर्षं हे बोलणं ऐकूनही कधी तसा विचार केला नव्हता.

चौकात एक बाई झाडत होत्या. त्यांनी दोन फुलं आमच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "वाहा, आमच्या बाईसाहेबांना." गावात तिला अजून असंच म्हणतात की त्यांची स्वतःचीच ही रीत, कोण जाणे. मला बरं वाटलं.

संध्याकाळी पुण्याहून झेलम एक्स्प्रेस धरली.

११ जानेवारी, रावेरखेडी

खांडव्याला उतरून बसने सनावद, तिथून बेडियामार्गे रावेरखेडी. बेडियाचा मिरचीबाजार मोठा. या दिवसांत रस्त्याच्या दोन्ही अंगांना लाल मिरचीचे पट्टेच्या पट्टे वाळत पडलेले असतात आणि गाडीच्या काचा बंद ठेवूनही ठसका लागतो. मावशीने नाकाला पदर लावला तो नर्मदा दिसेपर्यंत.

बाजीरावांची समाधी नदीकाठी तटबंदीच्या आवारात आहे, दगडी, निगा राखलेली. चाळिसावं वर्ष पुरं होण्याआधी गेलेला माणूस. वीस वर्षांच्या पेशवाईत घोड्यावरून किती हजार मैल तुडवले असतील! १७३७ च्या मार्चमध्ये दिल्लीच्या दारात जाऊन काल्काजीजवळ छावणी टाकली, तेव्हा शहरात घबराट उडाली. असा माणूस तापाने गेला.

इथे त्यांची प्रतिमा पाहताना मला पुन्हा ते कणीस आठवलं. एप्रिलमध्ये नर्मदेचं पात्र रोडावलेलं असतं, उन्हाने खडक तापतात. इथे तापात पडलेल्या माणसाचा चेहरा कसा दिसत असेल याचा विचार करवत नाही. बाजीरावांच्या रूपाचं वर्णन करणारे सगळे त्यांना घोड्यावर पाहतात. ज्यांनी शेवटचं पाहिलं त्यांनी काही लिहून ठेवलं नाही.

समाधीची देखभाल करणाऱ्या गृहस्थांनी वही पुढे केली. पानं उलटली तर पुणे, सातारा, कोल्हापूर, नागपूर, इंदूर, बडोदा. मराठी माणसं इथवर येतात, याचा अभिमान वाटला. मावशीने वहीत बाळाजी विश्वनाथांपासून पुढची नावं क्रमाने लिहिली आणि खाली सही केली.

१२ जानेवारी, गाडीत

पहाटे खांडव्याहून पुन्हा उत्तरेची गाडी. दिवसभर खिडकी.

हा रेल्वेमार्ग आणि भाऊसाहेबांच्या फौजेचा मार्ग पुष्कळ ठिकाणी जवळजवळ येतात. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाला हरवलं, मार्चमध्ये परतूरहून फौज निघाली. बऱ्हाणपूर आम्ही परवा रात्रीच अंधारात ओलांडलं होतं. हरदा स्टेशन आलं. इथून थोड्या अंतरावर हंडियाचा घाट, तिथे फौज नर्मदा उतरली. पुढे सिरोंज, नरवर, ग्वाल्हेर, धोलपूर, आग्रा, मथुरा, दिल्ली. बायका, कारकून, बाजारबुणगे, यात्रेकरू यांच्यासकट ते सगळं लटांबर महिन्यांमागून महिने चालत होतं. मोहिमेचं नाव विश्वासरावांचं, कारभार भाऊंचा. पेशव्यांचा वारस पुढे असावा ही गोपिकाबाईंची इच्छा.

अठरा वर्षांच्या मुलाने त्या चालीत काय केलं असेल? त्याआधी सिंदखेडच्या लढाईत त्यांच्या नावाने फौज उतरली होती, उदगीरलाही ते होते. म्हणजे लढाई त्यांना नवखी नव्हती. पण मला वाटतं, भाऊंच्या मागेपुढे घोडा ठेवून चालणारा, सगळ्यांनी ज्याच्याकडे बघावं असा तो मुलगा. सैन्याला असा चेहरा लागतो. वारसाच्या रूपाचा फौजेला उपयोग असतो. हजारो माणसं ज्याच्यासाठी घरदार सोडून चाललेली असतात, तो डोळ्यांना दिसावा लागतो.

दुपारी विदिशा. जुनं नाव भेलसा. मावशी खिडकीशी सरकली. पानिपताची बातमी नानासाहेबांना इथे कळली, २४ जानेवारी १७६१ रोजी. सावकारी पत्र घेऊन दक्षिणेत निघालेला जासूद सापडला, पत्र फोडलं, आत सांकेतिक मजकूर: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही.

दोन मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव. सावकारांचं हे पत्र हिशेबी, पण विश्वासरावांसाठी मोती हीच प्रतिमा सुचावी, हे मला योगायोगापुरतं वाटत नाही.

ग्वाल्हेरनंतर अंधार आणि धुकं. रात्री उशिरा दिल्ली.

१३ जानेवारी, दिल्ली

थंडी बोचरी. लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासपाशी गेलो. ऑगस्ट १७६० मध्ये भाऊंनी दिल्ली घेतली, पैशाची चणचण इतकी की या दालनाचं चांदीचं छत काढून त्याची नाणी पाडली. विश्वासरावांना दिल्लीच्या तख्तावर बसवायचा बेत आहे, अशी बोलवा त्या काळात उठली. बेत होता की नव्हता यावर वाद घालणारे घालोत. अफगाण छावणीपर्यंत ही बोलवा पोचली होती, एवढं उद्याच्या जागेसाठी लक्षात ठेवायचं.

बाकी दिल्लीत आमचं काही काम नव्हतं. काश्मिरी गेटजवळ गरम मुगाचा हलवा खाल्ला आणि लवकर झोपलो.

१४ जानेवारी, पानिपत

सकाळी बसने पानिपत. धुक्यामुळे रस्त्याकडेच्या मोहरीची पिवळी शेतं नऊनंतर दिसायला लागली.

लढाई १४ जानेवारी १७६१ ची. पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. मुद्दाम हाच दिवस धरून आलो होतो. काला अंब शहराबाहेर आहे: कुंपण घातलेली बाग आणि तिच्यात विटांचा स्तंभ. रक्ताने इथला आंबा काळा पडला अशी लोककथा. ते झाड वाळल्यावर त्याच्या लाकडाची दारं केली गेली, ती आता पानिपतच्या संग्रहालयात आहेत. आज बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. भगवे झेंडे, फेटे, ढोल. करनाल-पानिपतकडचे रोड मराठा, जे स्वतःला पानिपतावर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात, कुटुंबंच्या कुटुंबं घेऊन आले होते. महाराष्ट्रातूनही गाड्या आल्या होत्या. हरियाणवी आणि कोल्हापुरी एकाच माइकवर ऐकू येत होती.

आम्ही बाजूला उन्हात बसलो आणि मावशीने पिशवीतून तिची वही काढली. त्यात काशीराजाच्या वृत्तान्ताची तिने स्वतःच्या हाताने उतरून घेतलेली टिपणं. काशीराज पंडित हा दक्षिणी ब्राह्मण, पण अयोध्येच्या शुजाउद्दौल्याच्या चाकरीत, म्हणजे लढाईच्या दिवशी अब्दालीच्या बाजूच्या छावणीत. त्याने सगळं डोळ्यांनी पाहिलं, १७८० मध्ये फारसीत लिहिलं आणि पुढे त्याचं इंग्रजी भाषांतर छापून आलं. पानिपताबद्दल आपल्याला जे तपशील ठाऊक आहेत, त्यातले किती तरी या एका माणसामुळे.

लढाईच्या उत्तरार्धात विश्वासराव पडले. आपल्याकडे गोळी लागली असं सांगतात. भाऊंनी त्यांचा देह हत्तीवर ठेवला आणि स्वतः लढाईत शिरले. तो देह पुढे अफगाणांच्या हाती लागला, छावणीत आणला गेला, आणि काशीराजाने तो पाहिला. तो सांगतो ते असं: मानेच्या मागे तलवारीचा एक वार, डाव्या डोळ्याच्या वर बाणाची लहानशी जखम, कपड्यांवर रक्त दिसत नव्हतं. मृत्यूने चेहरा बिघडला नव्हता. झोपलेल्या माणसासारखा दिसत होता. छावणीतली लहानथोर सगळी माणसं ते रूप बघून थक्क झाली.

मावशी इथे थांबली. मी म्हटलं, "पुन्हा वाच." तिने पुन्हा वाचलं.

पर्वतीच्या पायऱ्यांवर तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला इथे मिळालं. रूप टिकतं ते पाहणाऱ्याने काय केलं त्यात. चित्रकार पदरी असतो, भाट आश्रित असतो, घरच्यांचं प्रेम असतं. राजपुत्राला कुरूप म्हणायची कुणाची छाती होणार? पण दिवसभर ज्यांच्याशी लढले, ज्यांचे भाऊबंद त्या दिवशी मराठ्यांनी कापून काढले होते, ते सैनिक थकून, रक्ताने माखून परत आले आणि एका मेलेल्या मुलाचा चेहरा बघायला गोळा झाले. त्यांना त्याची स्तुती करून काही मिळणार नव्हतं. इतिहासातल्या कुणाच्याही देखणेपणाला याहून भक्कम साक्ष मला माहीत नाही. रंगाच्या डबीतून निघालेल्या सगळ्या तसबिरी मी यावरून ओवाळून टाकीन.

आणि त्याच साक्षीचा दुसरा भाग असह्य आहे. देह पाहून अब्दालीच्या दुराणी, म्हणजे अफगाण, सैनिकांचा गोंधळ उसळला. हा काफिरांचा राजा आहे, म्हणाले, याला वाळवून, पेंढा भरून काबूलला नेऊ. दिल्लीच्या तख्ताची ती बोलवा इथे अशी उपयोगी पडली. काही वेळापूर्वी जे डोळे भारावले होते, त्यांनाच ते रूप आता आपल्या मालकीचं करून न्यायचं होतं. सौंदर्य बघून माणूस मऊ होतो यावर माझा फार विश्वास होता. तो या ओळींपाशी डळमळतो. बघण्याची हौस आणि ताब्यात घेण्याची हाव यांत अंतर फार थोडं आहे.

आमचं बोलणं शेजारी बसलेला एक मुलगा ऐकत होता. करनालकडचा, कॉलेजात शिकणारा, डोक्याला फेटा. मराठी त्याला येत नव्हतं, पण "विश्वासराव" ऐकून तो सरकला. "हमारे यहाँ भी नाम लेते हैं," म्हणाला. "दिखते कैसे थे, कुछ पता है?"

मावशीने त्याला हिंदीत सगळं सांगितलं. छावणी, जखमा, झोपल्यासारखा चेहरा. पेंढ्याची गोष्ट ती सांगणार नाही असं मला वाटलं, पण तिने तीही सांगितली. शाळेतही ती मुलांपासून काही लपवत नसे.

मुलाने विचारलं, "फिर? ले गए?"

"नाही नेलं," असं मराठीतच निघालं तिच्या तोंडून, आणि मग हिंदीत सुरू झाली. शुजाउद्दौला मध्ये पडला. अब्दालीकडे जाऊन त्याने सांगितलं की वैर मरणापर्यंतच असतं, मेलेल्याला त्याच्या धर्माप्रमाणे अग्नी मिळावा ही या मुलखाची रीत आहे. तुम्ही उद्या परत जाल, आम्हाला इथेच या लोकांबरोबर राहायचं आहे. या बोलण्यात माणुसकी होती आणि व्यवहारही होता, आणि मला दोन्हींबद्दल आदर वाटतो. देह सोडवला गेला. हिंदू पद्धतीने दहन झालं. पाठोपाठ भाऊसाहेबांचं शिर नसलेलं धड शोधून ओळखण्याच्या खटपटीतही काशीराज होता. शत्रूच्या गोटात चाकरी करणाऱ्या एका दक्षिणी ब्राह्मणाने आपल्या माणसांसाठी त्या दोन दिवसांत जे केलं, त्याचं स्मारक कुठे नाही. पुण्यात एखादा रस्ता त्याच्या नावाचा असायला हवा, असं मला मनापासून वाटतं, आणि मी ते यापुढे सांगत राहणार आहे.

मंचावरून घोषणा सुरू झाल्या. मुलाला त्याचे मित्र हाका मारत होते. तो उठला, दोन पावलं गेला आणि परत येऊन त्याने मावशीपुढे फोन धरला. काशीराजाचं नाव त्याला नीट लिहून हवं होतं. मावशीने ते टाइप केलं, खाली १७८० हे साल घातलं, आणि त्याला म्हणाली, "पूरा पढ़ना. सिर्फ़ हमारा हिस्सा नहीं."